परराष्ट्र विचार मंडळाने केलेला माझा निषेध

माझ्या ओटीवर बसून, माझ्या कपातून माझाच चहा पिऊन, माझ्याच निषेधाचा ठराव करणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. तो माझा धाकटा दीर आहे. नाव विष्णुपंत. भादव्यात परदेशातल्या बोटींच्या कालव्यावरून त्यांनी आधी इंग्लंडचा निषेध केला, मग फ्रान्सचा, आणि तिसरा नंबर माझा लागला. ठराव एकमतानं मंजूर झाला म्हणे. एकमतानं म्हणजे भाऊजी, भगवंत मास्तर आणि महिपती. त्यातले मास्तर झोपले होते.

तेव्हापासून भाऊजी माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर वाढत असते आणि ते माझ्या सुनेला सांगतात, "अंजनी, वहिनींना विचार, आमटीत मीठ घालायचं राहिलं का." मीही काही कमी नाही. मी म्हणते, "अंजनी, तुझ्या चुलतसासऱ्यांना सांग, मीठ कालव्यातून येतंय, कालवा बंद आहे." पोर बिचारी दोन देशांच्या मधे वकील होऊन उभी असते आणि तिचा भात गार होतो.

माझी इयत्ता दुसरी. तिसरीत गेले तेवढ्यात लग्न झालं. पण यजमान गेल्यापासून अंबरनाथचं हे घर मी चालवते, दोन गाई सांभाळल्या, मुलगा कारखान्यात लावला, आणि कुणाकडे तोंड वेंगाडलं नाही. तेव्हा निषेध कशाचा करावा आणि कशाचा करू नये एवढं मला समजतं. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट सांगून टाकावं.

भाऊजी काड्यापेटीच्या कारखान्यात हिशेबनीस होते. निवृत्त झाले आणि घरी बसले. घरी बसलेल्या पुरुषानं काहीतरी धरावं लागतं. कुणी भजन धरतो, कुणी दम्याचं औषध शोधतो. यांनी परराष्ट्र धोरण धरलं. दिल्लीत आणि मुंबईत म्हणे मोठमोठ्या लोकांची अशी मंडळं असतात. तिथे विद्वान जमतात, जगाचा विचार करतात, आणि विचार पिकला की सरकारला कळवतात. सरकारची माणसंही तिथे येतात, बसतात, ऐकतात. मग अंबरनाथनं काय पाप केलंय, असं भाऊजींचं म्हणणं. मी म्हटलं, अंबरनाथनं काही केलेलं नाही, पण ओटी माझी आहे.

तरी पाटी लागली. पत्र्याची, निळी, वर पांढरी अक्षरं: अंबरनाथ परराष्ट्र विचार मंडळ. दर रविवारी बैठक. सभासद तीन तऱ्हेचे: आजीव, साधारण आणि हितचिंतक. आजीव सभासद म्हणजे भगवंत मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, भूगोल शिकवायचे, त्यामुळे कुठलाही देश कुठे आहे ते डोळे मिटून सांगतात, आणि सांगून झालं की डोळे उघडत नाहीत. साधारण सभासद म्हणजे महिपती. त्याची वांगणीला भातशेती आहे आणि इथे लग्नाकार्याला भोंगा भाड्यानं द्यायचा धंदा आहे. हितचिंतक म्हणजे बाकीची आळी. त्यांचं हित माझ्या कांदेपोह्यांत होतं. एका रविवारी मी मुद्दाम नुसता चहा दिला, तर इंडोचायनाचा प्रश्न अर्ध्यावर टाकून लोक उठले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, सभासदांचा सहभाग टिकवणं हे मंडळाचं मुख्य काम असतं." मी म्हटलं, "मग तुमचं मंडळ मी चालवते असं लिहा पाटीवर."

आता त्यांच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. विलायतेत म्हणे अशा मंडळांचा एक रिवाज आहे. बैठकीत कोण आलं, कोण काय बोललं, हे बाहेर सांगायचं नाही. नाव घ्यायचं नाही, हुद्दा सांगायचा नाही. म्हणजे सरकारी माणसं मोकळेपणानं बोलतात. भाऊजींना हा नियम इतका आवडला की त्यांनी तो पहिल्या दिवसापासून लावला. सरकारी माणूस तर कुणी येत नव्हता, पण महिपती बोलला तरी ते "एका सभासदाचं असं मत पडलं" असंच म्हणायचे. आमच्या आळीत हा नियम. आमच्या आळीत समोरच्या घरी फोडणी बसली की इकडे कळतं डाळ कुठली.

पाटीमुळे एक झालं. ईश्वरीबाई आली.

ईश्वरीबाई उल्हासनगरच्या कॅम्पात राहते. पाठीवर पापडांची टोपली घेऊन घरोघर फिरते, सिंधी पापड, मिरीचे. मला अदी म्हणते, त्यांच्यात थोरल्या बहिणीला अदी म्हणतात. मी तिच्याशी पापडांवरून घासाघीस करते, ती माझ्याशी, असं आमचं बहिणीबहिणीसारखंच आहे. तर ती एका रविवारी टोपली खाली ठेवून पाटीकडे बघत उभी राहिली. कॅम्पात तिला कुणी सांगितलं होतं की या घरात परदेशाचं ऑफिस निघालंय.

"अदी," ती म्हणाली, "मेरी अम्मा शिकारपूरमें है. भाऊ उधरच राहिला होता ना, दुकान सोडून आला नाही. तो अभी मर गया. अम्मा अकेली है, आँखसे दिसत नाही बरोबर. शेजारी मुसलमान लोग अच्छे हैं, रोटी देते हैं. पण अम्मा बोलती है, मला ईश्वरीच्या हातची रोटी खाऊन मरायचंय. इधर लानेका परमिट पाहिजे. मुंबईचं ऑफिस बोलतं कराचीको पूछो, कराची बोलतं दिल्लीको पूछो. तुम्हारा देवर दिल्लीको पूछेगा क्या?"

मी तिला सरळ ओटीवर नेलं. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वहिनी, हे वैयक्तिक प्रकरण आहे. मंडळ धोरणाचा विचार करतं. प्रकरणं आमच्या कक्षेत येत नाहीत."

"शिकारपूर परदेशात नाही का?"

"आहे."

"मग?"

"पण आज कालव्याचा विषय आहे."

ईश्वरीबाईनं टोपली उचलली. तिला काही नवीन नव्हतं, अशी वाक्यं तिनं प्रत्येक खिडकीवर ऐकली होती. पण ती माझ्या ओटीवरून रिकाम्या हातानं गेली, हे मला लागलं. माझ्या ओटीवरून भिकारीसुद्धा तसा जात नाही.

मग श्रावण उतरला आणि दिल्लीचं उत्तर आलं. भाऊजी दर महिन्याला ठराव पाठवत, दर महिन्याला दिल्लीहून "पोचला" एवढं कळे. या वेळी मात्र परराष्ट्र खात्यातल्या एका मोठ्या अधिकाऱ्यानं कळवलं होतं की मी रविवारी शिवमंदिर बघायला अंबरनाथला येतोय, तर जाता जाता आपल्या मंडळात डोकावेन. खासगी भेट आहे, गाजावाजा नको, नाव कुठे देऊ नये.

भाऊजींना रात्रभर झोप नाही. गाजावाजा नको म्हटल्यावर महिपती म्हणाला, "भोंग्याबिगर सभा कसली, पंत? सायब म्हणंल, गावात मानूस हाय का नाय." मास्तर म्हणाले, गुप्त बैठक असते. महिपती म्हणाला, "गुप्तच ऱ्हाईल की. नाव कुठं घ्यायचंय?" एवढं ऐकून मास्तरांचं मत पालटलं. भोंग्याला परवानगी लागते, म्हणून भाऊजी चौकीवर गेले. हवालदारानं विचारलं, मंडळ कोणतं, गणपतीचं की भजनी? तिसरं मंडळ त्याला माहीत नव्हतं. भाऊजींनी त्याला कालवा समजावला. त्यानं सगळं ऐकलं आणि भजनी लिहिलं.

मी अंजनीला म्हटलं, ईश्वरीबाईला निरोप धाड, रविवारी पापड घेऊन ये. भाऊजींनी ते ऐकलं. "वहिनी," ते म्हणाले, "ती बाई साहेबांपुढे येता कामा नये. मंडळाची शोभा होईल." मी म्हटलं, "ती पुढे येणार नाही, मागच्या अंगणात बसेल. साहेब हात धुवायला मागे येतीलच की." हात धुवायची मोरी मागे आहे, आणि ती हलवणं कुठल्याच मंडळाच्या कक्षेत नाही.

रविवार आला. महिपतीनं भोंगा जांभळाला बांधला आणि त्याचं तोंड नेमकं मागच्या अंगणाकडे केलं, कारण पुढे बांधला तर तार पुरत नव्हती. भाऊजी हार घेऊन स्टेशनवर गेले. नाव माहीत, पण तोंड माहीत नाही, आणि नाव तर पुकारायचं नाही. कसं ओळखणार, विचारलं तर म्हणाले, "दिल्लीचा माणूस दिसतोच."

दिसला. डोक्यावर साहेबी टोप, खाकी कोट, हातात चामड्याची पेटी, चालण्यात सरकार. पुलाखाली उतरून तो इकडेतिकडे बघत होता. भाऊजी पुढे झाले, म्हणाले, "यावं साहेब, आम्ही आपलीच वाट बघतोय." तो दचकला म्हणे. "माझी?" भाऊजींनी हार घातला. तो म्हणाला, "मी इथे…" भाऊजी म्हणाले, "नाव नको साहेब, हुद्दाही नको. मंडळाचा नियम आहे." आणि टांग्यात बसवून घेऊन आले.

आता माझाही एक नियम आहे, तो लपवायचं कारण नाही. आमच्याकडे दारी आलेल्या माणसाला गूळपाणी देऊन, पोटात चार घास गेल्याशिवाय, कोण कुठला विचारत नाहीत. माझ्या सासूबाईंनी मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं. मी ते अंजनीला शिकवलं. त्यामुळे टोपवाल्या साहेबाला मी गूळपाणी दिलं, शिरा दिला, पोहे दिले, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. तो भला माणूस दोनदा तोंड उघडून काहीतरी सांगायला बघत होता, तर एकदा भाऊजींनी नियम सांगितला आणि एकदा मी आणखी शिरा वाढला.

त्याला खुर्चीवर बसवलं आणि मी मागच्या अंगणात आले. ईश्वरीबाई मोरीपाशी बसून पापड चळतीला लावत होती. चेहरा उतरलेला. "अदी, वो हाथ धोने आएगा ना?"

"येईल. इतका शिरा खाल्लाय, हात चिकट झालाच असेल."

तेवढ्यात मागच्या बांधावरून, देवळाच्या बाजूनं, एक माणूस आत आला. साधा सदरा, चपला चिखलानं भरलेल्या, हातात छत्री. किडकिडीत. आला आणि उभा राहून घराकडे बघायला लागला. मी ओळखलं. आदल्या दिवशी आळीत दवंडी झाली होती की मलेरियाचा इन्स्पेक्टर घरोघर साठवलेलं पाणी तपासायला येणार. सगळ्यांच्या पिंपात अळ्या निघतात, माझ्या पिंपात कधी निघाल्या नाहीत, आणि हा नेमका मोठा पाहुणा घरात असताना उगवला.

"आलास का?" मी म्हटलं. "आजच मुहूर्त सापडला?"

"उशीर झाला का?" तो म्हणाला.

"उशीर कसला, पाहुणे बसलेत ओटीवर. चल, तुझं काम उरक आणि जा. हे पिंप बघ."

तो पिंपाकडे बघत राहिला.

"लांबून काय बघतोस? झाकण उचल. वाक. दिसतंय का काही वळवळताना?"

तो वाकला. चांगला खाली वाकून बघितलं त्यानं. "नाही, स्वच्छ आहे."

"हे दुसरं. हा रांजण. ही गाईची डोणी. तुम्हा लोकांना गरिबाच्या घरी लगेच अळ्या दिसतात. लिही तुझ्या कागदावर, वेणूबाईंच्या घरी अळी नाही."

"लक्षात ठेवतो," तो म्हणाला. माणूस मवाळ होता. त्यानं प्रत्येक झाकण परत नीट बसवलं, हे मी पाहिलं. मग पाणी मागितलं. मी गूळही दिला, नाही कशाला म्हणा, मलेरियाचा झाला तरी दारी आलेला. तो दगडावर टेकला.

तोच भोंगा सुरू झाला. भाऊजींचा आवाज जांभळावरून अंगणात कोसळला. "आज आपल्यामध्ये एक थोर पाहुणे उपस्थित आहेत. नियमानुसार मी त्यांचं नाव सांगणार नाही." छत्रीवाल्यानं मान वर केली, भोंग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि किंचित हसला.

"तिकडे पाहुणे आलेत का?"

"दिल्लीचे. तुझं काही काम नाही तिकडे."

"नाही, मी इथे बरा आहे," तो म्हणाला. आणि ईश्वरीबाईला विचारलं, "हे पापड तुमचेच?"

ईश्वरीबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांग गं, हाही सरकारी माणूसच आहे. ओटीवरचा साहेब हात धुवायला येईपर्यंत तोंडपाठ तरी होईल. ह्याला ऐकव, चुकलं तर मी सांगते."

म्हणून तिनं सांगितलं. शिकारपूर, भाऊ, दुकान, आईचे डोळे, शेजाऱ्यांची भाकरी, मुंबई, कराची, दिल्ली. वर भोंग्यातून कालवा वाहत होता, मधे मास्तरांचा भूगोल आला, आणि खाली हा माणूस गुडघ्यावर कोपर टेकून ऐकत होता. मधूनच विचारायचा, भाऊ गेल्यावर घर कुणाच्या नावावर आहे, आईबरोबर बोटीवर कोण चढेल, कराचीत कुणी ओळखीचं आहे का. मला वाटलं, मलेरियाच्या माणसाला हे कशाला हवंय. पण ईश्वरीबाई सांगत गेली. कुणी उलट विचारलं की माणूस मोकळं होतं. शेवटी तिनं पदर डोळ्याला लावला.

तो म्हणाला, "वचन देत नाही. पण बघतो."

मी मनात म्हटलं, हा काय बघणार, पिंपं बघणारा.

इकडे ओटीवर ठराव वाचून झाला. भाऊजींनी पाहुण्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. भोंग्यातून प्रथम खाकरल्याचा आवाज आला. मग टोपवाला साहेब म्हणाला, "आपण माझं फार आगतस्वागत केलं. माझ्या नोकरीत असं कधी झालं नाही. आता कृपा करून घरातलं साठवलेलं पाणी दाखवा, म्हणजे मी पुढच्या घरी जातो. उद्या औषध फवारायची गाडी येईल, सगळ्यांनी सामान बाहेर काढून ठेवावं."

मग आळीभर पिंपं उपडी झाल्याचा आवाज आला, एकामागून एक, स्टेशनपर्यंत.

भाऊजी मागच्या दारात आले. त्यांच्यामागे टोपवाला साहेब हार घालून. छत्रीवाला दगडावरून उठला आणि अदबीनं म्हणाला, "विष्णुपंत ना? मी दिल्लीहून आलो. नाव सांगू, की नियम आहे?"

मी पदर सावरला. मला कुणी खाली बसवावं असं वाटत होतं, पण दगड त्यानं नुकताच मोकळा केला होता आणि तिथे बसणं बरं दिसलं नसतं. दिल्लीच्या अधिकाऱ्याला मी अरेतुरे केलं. गाईच्या डोणीत वाकवलं. भाऊजींनी त्याच्या आधी माझ्याकडे पाहिलं. ती नजर म्हणजे माझ्या निषेधाच्या ठरावाचा पहिला खर्डा होता.

"वहिनींनी मला सगळं दाखवलं," तो म्हणाला. "पिंपं उत्तम आहेत. अहवालात घ्यायला हरकत नाही." शेवटचं वाक्य तो टोपवाल्याला म्हणाला, आणि त्यानं खरोखरच लिहून घेतलं.

भाऊजी म्हणाले, ठराव परत वाचतो. तो म्हणाला, ऐकला, इथे फार स्पष्ट ऐकू येतं. गाडीची वेळ झाली होती. महिपती माझ्या कानाशी म्हणाला, "वैनी, त्या मलेरियाच्या गळ्यातला हार काढून यांना घालू का?" मी म्हटलं, एकदा घातलेला हार पाहुण्याच्या गळ्यातून काढलास तर भोंगा जांभळावरच राहील. मग दिल्लीचा साहेब हाराशिवाय गेला, ईश्वरीबाईचे पापड घेऊन. भाऊजी टांग्याबरोबर वळणापर्यंत चालत गेले, कालव्याबद्दल बोलत.

झाली गोष्ट मी आळीत सांगितली. का सांगू नये? अर्ध्या आळीनं ती भोंग्यावर ऐकलीच होती, मी फक्त मागची बाजू पुरवली. त्यावरून माझा निषेध झाला. बैठकीची गुप्तता मोडली आणि थोर पाहुण्याला पाण्यात बघायला लावलं, अशी दोन कलमं. पहिलं मला मान्य नाही. दुसऱ्याबद्दल मी अजून विचार करते आहे.

दिवाळी गेली. ईश्वरीबाई यायची, पापड द्यायची, मी काही विचारायची नाही, ती काही सांगायची नाही. संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस भाऊजी ओटीवर एकटेच पेपर वाचत होते. मंडळात आता तेच उरले होते, महिपती वांगणीला मळणीत आणि मास्तरांना थंडी बाधते. दारात टांगा थांबला. ईश्वरीबाई उतरली आणि मग तिनं आतून एका म्हातारीला उतरवलं, काचेचं भांडं उतरवावं तशी. पांढरी सलवार, पांढरी ओढणी. दिल्लीहून परमिट सुटलं, आणि कराचीहून बोटीनं आली होती. काल.

तिला जमिनीवर बसवेना, म्हणून भाऊजींनी उठून पाहुण्यांची खुर्ची दिली. म्हातारीनं हवेत हात चाचपला, तो भाऊजींच्या डोक्याला लागला. ईश्वरीबाईनं तिला सांगितलं होतं की ज्या घरात परदेशाचं ऑफिस आहे तिथे नेते. म्हातारीला वाटलं, हाच तो माणूस. तिनं त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि सिंधीत बरंच काही बोलली. भाऊजी वाकलेले. ईश्वरीबाई सांगायला पुढे झाली की अम्मा, हा नव्हे, तर मी तिचा हात धरला. राहू दे म्हटलं.

अंजनीनं गूळपाणी आणलं. मग माझ्याच हातची पोळी ईश्वरीबाईनं कुस्करून आईला भरवली. हातची म्हणजे भरवणाऱ्या हातची, म्हातारीला तेवढं पुरलं.

त्या मायलेकी गेल्यावर भाऊजींनी चष्मा पुसला. अंजनी आत होती, निरोप द्यायला मधे कुणीच नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "यात मंडळाचा काही वाटा आहे, असं म्हणता येईल का?"

मी कप उचलत होते. कप खाली ठेवला आणि म्हटलं, "येईल तर, भाऊजी. तुमची पाटी नसती तर ती आली नसती. तुम्ही पुढे इतका वेळ बोलत बसलात, म्हणून त्या दिल्लीच्या साहेबाला मागे निवांत ऐकता आलं. हा वाटा लहान नाही, आणि तो तुमचाच. पाटी राहू दे. पण पुढचा साहेब आला की त्याला आधी माझ्या पिंपांपाशी आणायचं, आणि तुमचा निषेध आजपासून संपला असं मी ठरवलंय. आता सांगा, आमटीत मीठ कमी होतं का जास्त?"